इमाम घडवायचा कुणी?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी हयातभर शिक्षक घडवले. म्हणून मीही शिक्षक घडवण्याबद्दलच बोलायचं ठरवलं. फक्त शिक्षक जरा वेगळा निवडला. गावच्या मशिदीत पाच वेळा नमाज पढवणारा, सकाळ-संध्याकाळ पोरांकडून अरबी अक्षरओळखीचा नूरानी कायदा घोकून घेणारा, निकाह लावणारा, मयत झाली की जनाज्यापुढे उभा राहणारा इमाम. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मुसलमानांची पाच-पंचवीस घरं असलेल्या गावालाही असा एक माणूस लागतो. तो कुठे शिकला, काय शिकला आणि त्याचा खर्च कोण चालवतो, हे आपण जवळजवळ कधीच विचारत नाही. हिंदू शेजारी विचारत नाहीत याचं मला फारसं वाटत नाही. त्याच्या मागे उभे राहून रोज नमाज पढणारे आम्हीसुद्धा विचारत नाही, याची मात्र खंत आहे.

युरोपात हाच प्रश्न गेली तीसेक वर्षं संसदेपर्यंत गाजतो आहे. तिकडच्या मशिदींत तुर्कस्तान, मोरोक्को, अल्जीरियाहून इमाम येत. त्यांचा पगार त्यांचं मायदेशचं सरकार देई, भाषा मायदेशची, आणि समोर बसलेली पोरं मात्र जर्मन किंवा फ्रेंच बोलत मोठी झालेली. मग सरकारांना जाग आली. ऑस्ट्रियानं २०१५ साली कायदा करून परदेशी पैशावर इमामांचा पगार भागवायला बंदी केली. फ्रान्सनं जानेवारी २०२४ पासून परदेशी सरकारांनी पाठवलेले नवे इमाम घेणं थांबवलं. जर्मनीत ओस्नाब्रुक शहरात २०२१ साली इस्लामकोलेग नावाची संस्था सुरू झाली. तिथं धर्मशास्त्राची पदवी घेतलेल्यांना दोन वर्षं जर्मन भाषेतून इमामकीचं प्रत्यक्ष काम शिकवतात. हे सगळं वाचलं की आपल्याला वाटतं, हा परक्या मुलखात जाऊन वसलेल्यांचा प्रश्न आहे, आपला काय संबंध? आपण तर इथलेच. पिढ्यान्‌पिढ्या कृष्णेचं पाणी प्यायलेले.

इथलेच आहोत, हे खरं. पण आमचा इमाम इथला उरलेला नाही.

आमच्या भागातली मुसलमानांची आडनावं पाहा. मुलाणी, मुल्ला, मुजावर, काझी, खतीब, फकीर. बागवान, तांबोळी, आत्तार, शिकलगार, नदाफ, मणेर ही धंद्यावरून पडलेली. पण आधीची सगळी धर्मकार्यावरून. खतीब म्हणजे जुम्म्याचा खुत्बा, शुक्रवारचं प्रवचन, देणारा. मी स्वतः मुलाणी घराण्यातला, वाळवा तालुक्यातला. गावगाड्यात मुलाणी हा हक्कदार होता. मशिदीची झाडलोट आणि दिवाबत्ती त्याच्याकडे, निकाह आणि मयत त्याच्याकडे, आणि जत्रेच्या दिवशी गावदेवाच्या नावानं सोडलेल्या बकऱ्याच्या मानेवर सुरी फिरवायची ती त्यानंच. मराठ्यांच्या घरचं मटण मुलाण्याच्या हाताशिवाय शिजत नसे. त्याबद्दल सुगीला खळ्यावरून पेंढ्या, धान्य, कुठे इनामाचा तुकडा. माझ्या आजोबांना कुरआन अर्थासह येत नव्हता. चार सुरा, निकाहचा खुत्बा आणि जनाज्याची दुआ एवढ्यावर त्यांचं आयुष्य निघालं. पण गावातल्या कुठल्या घरात भाऊबंदकी आहे, कुठल्या विहिरीच्या पाण्यावरून कोण कुणाशी बोलत नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि पाटलाच्या ओट्यावर त्यांना बसायला जागा होती.

या व्यवस्थेला गोंजारायचं माझ्या मनात नाही. ती जन्मावर चालत होती. मुलाण्याचा मुलगा मुलाणी, त्याला येवो न येवो. काझीचा पोरगा काझी. ब्रिटिश अमलात आधी १८६४ च्या कायद्यानं सरकारी काझींच्या नेमणुकाच बंद केल्या. पुढे १८८० च्या काझी कायद्यानं निकाहसारख्या विधींपुरते काझी पुन्हा नेमता येऊ लागले, पण न्यायाचा अधिकार गेला तो गेलाच. सातारचं राज्य १८४८ साली खालसा झालेलं, तर सांगली, मिरज, जत, औंध ही संस्थानं. त्यामुळे आमच्याकडे जुनं सगळं एका फटक्यात संपलं नाही, हळूहळू झिजत गेलं. वतनं गेली, बलुतं गेलं. मुल्ला आडनावाचा मुलगा आज पुण्यात संगणकावर काम करतो आणि काझी आडनावाची मुलगी कराडला वकिली करते. छानच झालं. पण त्यांनी सोडलेली जागा रिकामी राहत नाही. मशिदीत अजान व्हावीच लागते.

मग ती जागा कोण भरतं? पुष्कळ ठिकाणी बिहार, उत्तर प्रदेश, झारखंडमधून आलेला विशीतला पोरगा. मशिदीला लागून एक हुजरा, म्हणजे एक खोली. जेवणाची घरटी बारी लावलेली. आज या घरचा डबा, उद्या त्या घरचा. पगार गवंड्याच्या हाताखालच्या बिगाऱ्याला जे महिन्याला सुटतं त्याहूनही कमी, असं कित्येक गावांत मी स्वतः पाहिलं आहे. आणि त्याला मराठी येत नाही. आमच्या घरात दखनी बोलतात, बाहेर मराठी. तो बोलतो उर्दू, तीही पुस्तकी. आठवीतली मुलगी त्याला मराठीतून काही विचारते आणि तो हसून मान हलवतो.

हा पोरगा काय शिकून आलेला असतो, ते जरा सविस्तर सांगतो, कारण मदरसा या शब्दाभोवती आपल्याकडे भीती फार आणि माहिती थोडी. बहुतेक गावांतला इमाम हाफिज असतो. म्हणजे त्यानं तीस पाऱ्यांचा सगळा कुरआन पाठ केलेला असतो. लाकडी रिहलवर कुरआन ठेवून, पुढेमागे झुलत, रोज नवा सबक द्यायचा. मग मागच्या काही दिवसांचा पाठ, त्याला सबकी म्हणतात. मग त्याहून जुना, तो आमुख्ता. उस्ताद डोळे मिटून ऐकत असतात आणि एका जेर-जबरची, म्हणजे स्वरचिन्हाची, चूक झाली तरी त्यांची बोटं थांबतात. वयाच्या आठ-दहापासून दोन-चार वर्षं हे चालतं. स्मरणशक्तीची ही कमाई थोर आहे. आपल्याकडे घनपाठी वैदिकाला जो मान, तोच हाफिजाला असायला हवा. पण पाठ केलेल्या मजकुराचा अर्थ त्याला अजून शिकवलेला नसतो. तो पुढे आलिमच्या, म्हणजे धर्मशास्त्र्याच्या, अभ्यासात येतो. सहा ते आठ वर्षांचा दर्स-ए-निज़ामी. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलातल्या मुल्ला निज़ामुद्दीन यांच्या नावानं ओळखला जाणारा. आधी अरबी व्याकरण, मग तर्कशास्त्र, मग फिक्ह म्हणजे धर्माचे नियम, तफसीर म्हणजे कुरआनावरचं भाष्य, आणि शेवटच्या वर्षी हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, मोठ्या ग्रंथांचा दौरा. तो संपला की पागोटं बांधतात, दस्तारबंदी. आमच्या लहान जमातींना, म्हणजे मशिदीभोवतीच्या समाजाला, आलिम परवडत नाही. हाफिज परवडतो.

इथंच माझा मुद्दा सुरू होतो. लोक मला सांगतात, मौलवी फार जुनं शिकतात, ते जुनं कमी करा. मला उलट वाटतं. खोलवर जुनं शिकलेला माणूस सैल असतो, कारण त्याला ठाऊक असतं की एकाच प्रश्नावर हनफी पंथाचे शास्त्री काय म्हणतात आणि शाफई पंथाचे काय म्हणतात, जुन्या थोर इमामांपैकी कुणी कुठल्या शहरात मत बदललं, प्रदेशाच्या रिवाजाला फिक्हमध्ये किती वजन आहे. दमास्कसचे इब्न आबिदीन १८३६ साली वारले. रिवाजाच्या वजनावर त्यांनी स्वतंत्र प्रबंध लिहून ठेवला आहे. ज्याच्या वाचनात हे आलं तो कडेगावचा मोहरम बघून एकदम भडकणार नाही. ज्याला नुसती हराम-हलालची यादी दिली आहे, तो भडकेल.

कडेगावचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो. तिथले गगनचुंबी ताबूत तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. बांबू आणि चिवाट्यांचे, मजल्यावर मजले चढवलेले, पेलायला शेकडो खांदे लागतात आणि त्यांतले बरेचसे हिंदूंचे. ताबुतांच्या भेटी होतात तेव्हा म्हटली जाणारी गाणी दोन्ही समाजांची. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो. उत्तर प्रदेशातल्या देवबंदच्या किंवा बरेलीच्या मदरशांच्या वर्गात या गोष्टींना जागा नाही. तिथल्या पुस्तकात मिरज नाही, मीरासाहेबांचा उरूस नाही, त्यांच्या दर्ग्यात विसावलेले गवई अब्दुल करीम खाँसाहेब नाहीत. शास्त्र जाणणारा इमाम यांतल्या काही गोष्टींना नको म्हणेल, तो त्याचा हक्क आहे. पण नको म्हणण्याआधी त्याला त्या समजलेल्या असाव्यात, आणि नको म्हणतानाही गाव एकत्र राहील असं बोलता यावं. हे शिकवायचं कुणी?

जुनं शास्त्र शिकूनच असा माणूस घडू शकतो, हे पाहायला वाईचा विचार करा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नारायणशास्त्री मराठे, पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी वाईत प्राज्ञपाठशाळा उभी केली. शिक्षण पारंपरिक: न्याय, मीमांसा, वेदान्त. १९१७ च्या सुमारास विनोबा गांधीजींच्या आश्रमातून सुटी घेऊन तिथं उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं शिकायला येऊन राहिले. त्याच शाळेत पिंपळनेरचा एक मुलगा आला आणि पुढे लक्ष्मणशास्त्री जोशी झाला, १९२३ मध्ये कलकत्त्याहून तर्कतीर्थ होऊन आला. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी अस्पृश्यतेविरुद्ध शास्त्राधार शोधत होते तेव्हा याच माणसाचा त्यांना उपयोग झाला. १९३३ साली गांधीजींचे पुत्र देवदास आणि लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह पुण्यात झाला, तेव्हा पौरोहित्यही त्यांनीच केलं. सगळी जुनी पोथी पचवलेला माणूस नव्या जगाला हो म्हणू शकतो, आणि त्याच्या हो म्हणण्याला वजन असतं, कारण सनातनी त्याला अडाणी म्हणू शकत नाहीत. मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांसाठी लढलेल्या हमीद दलवाईंच्या धैर्याबद्दल मला नितांत आदर आहे. १८ एप्रिल १९६६ ला सात स्त्रियांना घेऊन त्यांनी मुंबईत विधानभवनावर नेलेला मोर्चा मी इतिहास म्हणून शिकवत आलो आहे. पण दलवाईंना मुसलमानांत त्यांचा लक्ष्मणशास्त्री मिळाला नाही. मदरशात बारा वर्षं घालवून बाहेर आलेला आणि त्यांच्या बाजूला उभा राहणारा एक आलिम जरी असता, तरी त्यांच्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाचा रस्ता वेगळा झाला असता, असं मला वाटतं.

आता सत्यशोधक म्हटलं की फुले आले, आणि त्यांचं मूळ गाव कटगुण तर आपल्या खटाव तालुक्यातलंच. जोतीरावांनी १८७३ साली समाज स्थापन केला तेव्हा ब्राह्मण भटजीशिवाय लग्न लावणं हा त्याचा गाभा होता. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यांत जुन्नरच्या भागातले जोशी उच्च न्यायालयापर्यंत गेले. विधी आम्ही केला नसला तरी दक्षिणेचा हक्क आमचाच, असं त्यांचं म्हणणं. ते टिकलं नाही. पुढे वेदोक्त विधींचा हक्क नाकारला गेल्याच्या वादातून पोळलेल्या शाहू छत्रपतींनी १९२० साली कोल्हापुरात बहुजन पुरोहित तयार करण्यासाठी श्री शिवाजी क्षत्रिय वैदिक विद्यालय काढलं, आणि त्याच वर्षी क्षात्रजगद्गुरूंचं, म्हणजे ब्राह्मणेतर धर्मगुरूंचं, पीठ उभं केलं. त्याच सुमाराला, १९१५ मध्ये, बडोद्यात सयाजीरावांनी कायदाच केला: परीक्षा देऊन परवाना मिळवलेल्यानंच पौरोहित्य करावं, आणि विधीचा अर्थ यजमानाला कळेल असा सांगता यावा. बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात तेच पुढे नेलं. पुरोहितपण जन्मानं मिळू नये, परीक्षा असावी, सनद असावी, संख्या ठरलेली असावी, पुरोहित सरकारचा नोकर असावा. ते भाषण लाहोरला द्यायचं होतं, द्यायला मिळालं नाही. ज्यांनी हे लिहिलं त्यांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं होतं.

हे सगळं मी इमामांच्या व्याख्यानात का सांगतो आहे? कारण ओस्नाब्रुकमध्ये आज जे चाललं आहे ते आपण इथं शंभर वर्षांपूर्वी करून पाहिलं. राजानं शाळा काढून पाहिली. सरकारनं परीक्षा घेऊन पाहिली. आणि काय झालं? शाहू महाराज १९२२ साली गेले आणि त्या प्रयोगाचा जोर ओसरला. बडोदं १९४९ मध्ये विलीन झालं. आज तुमच्या घरात सत्यनारायण असतो तेव्हा गुरुजींची सनद तुम्ही विचारत नाही. पंढरपुरात विठ्ठल मंदिरातल्या बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाले आणि मंदिर समितीनं पुजाऱ्यांसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले, हा मोठा पल्ला आहे. पण त्याच्या मागे १९७३ चा कायदा आणि चाळीस वर्षांची कोर्टकचेरी आहे. आदेशानं दार उघडतं. आत माणसं आपोआप येत नाहीत.

याच्या शेजारी आळंदी ठेवून बघा. १९१७ साली विष्णुबुवा जोगांनी वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यास, फी नाही, ज्ञानेश्वरी, गाथा, थोडं संस्कृत, आणि पोटासाठी माधुकरी. मदरशाची आणि हिची रचना इतकी सारखी आहे की मला दर वेळी नवल वाटतं. घर सोडून आलेली गरीब शेतकऱ्याची पोरं, पाठांतर, गावाच्या भाकरीवर चाललेला अभ्यास. तिचा आधार राजा नव्हता. माण-खटावच्या दुष्काळी गावातही सप्ताह लागतो, कीर्तनकार लागतो, लोक बिदागी देतात, म्हणून आळंदीत मुलं जातात. मागणी गावाची आहे, भाकरीही गावाची आहे. आणि देवबंदही असंच उभं राहिलं. १८६६ साली सुरू झालेल्या त्या मदरशासाठी मौलाना कासिम नानौतवींनी जी आठ तत्त्वं घालून दिली त्यांत सरकारच्या आणि बड्या श्रीमंतांच्या पैशाचा धोका स्पष्ट सांगितला आहे; गोरगरिबांच्या वर्गणीवर चालवा, असं सांगितलं आहे. म्हणून ते टिकलं, आणि म्हणूनच त्याची शाखा जगभर रुजली. इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या बरी गावचं दारुल उलूम, म्हणजे मोठा मदरसा, १९७० च्या दशकात उभारलं ते मौलाना यूसुफ मोताला यांनी, मूळचे सुरत जिल्ह्यातले, सहारनपूरला शिकलेले. तिथंही तोच दर्स-ए-निज़ामी. म्हणजे युरोपातल्या खासगी इस्लामी महाविद्यालयांची चर्चा करताना आपण खरं तर आपल्याच घरातून गेलेल्या अभ्यासक्रमाची चर्चा करत असतो.

युरोपातल्या या संस्थांचं, खासगी आणि सरकारी, पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. फ्रान्समध्ये शातो-शिनों गावाजवळ १९९२ साली सुरू झालेल्या संस्थेत अरबी आणि धर्मशास्त्र शिकायला पुष्कळ आले, इमाम मात्र थोडेच झाले. मशिदींकडे त्यांना द्यायला पगार नव्हता. २०२५ च्या सप्टेंबरात सरकारनं ती संस्था बरखास्त केली. ओस्नाब्रुकच्या संस्थेत सगळ्यात मोठी तुर्की मशीद-संघटना सुरुवातीला सामील झाली नाही. तिनं स्वतःचं वेगळं केंद्र काढलं. म्हणजे सरकारी पैशानं शिकलेल्या इमामाला ठेवून घेणाऱ्या मशिदी कमी. मला सगळ्यांत शहाणी वाट केंब्रिजच्या मुस्लिम महाविद्यालयाची वाटते. २००९ मध्ये ते सुरू झालं. त्यांनी दारुल उलूममधून आधीच बाहेर पडलेल्या आलिमांना वर्षभरासाठी बोलावलं आणि त्यांना त्यांचा देश शिकवला: तिथला कायदा, इतिहास, विज्ञान, समुपदेशन. त्यांच्या शास्त्राला हात लावला नाही.

महाराष्ट्रातही प्रयत्न आहेत. नंदुरबारच्या अक्कलकुव्यात मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवींनी, तेही सुरत जिल्ह्याचेच, मदरशाच्या जोडीला शिक्षणशास्त्र, औषधनिर्माण, तंत्रनिकेतन असं सगळं एका आवारात आणलं. २०११ च्या जानेवारीत ते देवबंदचे मोहतमिम, म्हणजे प्रमुख, झाले आणि जुलैत त्यांना जावं लागलं. बदलाची किंमत काय असते ते त्या सहा महिन्यांत दिसलं. राज्य सरकारची डॉ. झाकिर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना आहे. २०२४ मध्ये डी.एड. शिक्षकाचं मानधन ६ हजारांवरून १६ हजार झालं. चांगलं झालं, पण ते मदरशात गणित-विज्ञान शिकवणाऱ्याला. ज्या इमामाकडे अख्खं गाव सल्ल्याला जातं त्याच्या शिक्षणाचा त्यात विचार नाही, आणि सरकारनं तो करावा असं माझंही म्हणणं नाही.

इमामाला आज कामाचं काय यायला हवं, याचं एक साधं उदाहरण देतो. ग्रामपंचायतीत विवाह नोंदणीचा अर्ज भरताना नवरा, नवरी, साक्षीदार यांच्याखाली लग्न लावणाऱ्याचं नाव, पत्ता आणि सही लागते. निकाह लावलेल्या इमामापुढे तो मराठी कागद ठेवतात. तो वाचता येत नाही म्हणून तो दाखवतील तिथं सही करतो. मुलीचं वय त्यात लिहिलेलं असतं. सतराचं अठरा झालेलं असलं तरी त्याला कळत नाही. आणि बालविवाहाचा २००६ चा कायदा विवाह लावणाऱ्यालाही गुन्हेगार धरतो. तीन तलाक २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला, २०१९ मध्ये तो गुन्हा झाला. हे त्याला कुणी तरी भ्रमणध्वनीवरच्या चित्रफितीतून, तेही भडक सुरात सांगितलेलं असतं. रात्री अकरा वाजता एखादी बाई कडेवर मूल घेऊन हुजऱ्याच्या दाराशी येते, तेव्हा ती चित्रफीत काय उपयोगाची?

आणि १० सप्टेंबर २०२३. सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीचं नाव इथं कुणाला समजावून सांगायला नको. समाजमाध्यमांवरच्या मजकुराचं निमित्त झालं, जमाव मशिदीवर गेला आणि एक तरुण जीव गेला. त्याआधी २००९ च्या गणेशोत्सवात मिरज पेटलं होतं. अशा रात्री दोषी कोण हे न्यायालय ठरवील. मी एवढंच विचारतो की अशा रात्रीच्या आधीच्या आठवड्यात, गाव कुजबुजत असताना, इमामाला सरपंचाकडे, पोलीस पाटलाकडे, तालमीतल्या पोरांकडे जाऊन बोलता येतं का? कुठल्या भाषेत? त्याची तिथं ओळख आहे का? माझ्या आजोबांना कुरआनाचा अर्थ येत नव्हता, पण हे येत होतं. आजच्या हाफिजाला कुरआन येतो आणि हे येत नाही. दोन्ही येणारा माणूस आम्हाला हवा आहे.

भाषेबद्दल आमच्यात उगाच धास्ती आहे. मराठी आली की दीन जाईल, असं काही वडीलधाऱ्यांना वाटतं. केरळात मुजाहिद या सुधारणावादी गटाच्या मशिदींत जुम्म्याचा खुत्बा मलयाळममध्ये होतो आणि त्यांचा दीन शाबूत आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत ग्रंथ लिहिले. कुरआनाच्या मराठी भाषांतरासाठी शाहू छत्रपतींनी हात सैल सोडला होता. मुंबईचा इस्लामिक मराठी पब्लिकेशन्स ट्रस्ट आज मराठीत धर्मग्रंथ छापतो. आमच्या मुली मराठी शाळेत जातात, त्यांच्या शंका मराठीत जन्मतात. खुत्बा अरबीत ठेवायचा तर ठेवा, पण आधीचं बयान मराठीत का नको?

एक आदर्श तर शेजारच्याच वस्तीत आहे. बाबासाहेबांनी १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. तिचे बौद्धाचार्य आज गावोगाव लग्न लावतात, परित्राण पाठ करतात. शिबिरात शिकलेली ही माणसं. कुणी शिक्षक, कुणी एस.टी.त वाहक. जन्मानं कुणी बौद्धाचार्य होत नाही, आणि बाहेरच्या राज्यातून आणावाही लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. सातारा-सांगलीच्या जमातींनी मिळून एक वर्षाचा अभ्यास सुरू करावा, आज मशिदीत काम करत असलेल्या इमामांसाठी. नवं दारुल उलूम नको. मदरशाचं वर्ष रमजाननंतरच्या शव्वालला सुरू होतं आणि रमजानआधीच्या शाबानला संपतं, आपलंही तसंच ठेवावं. आठवड्यातून दोन दिवस, इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजापर्यंत परत पोचता येईल अशा वेळेला. निम्मा वेळ मराठी: वाचणं, लिहिणं, तलाठ्याचा उतारा कळणं, दहा माणसांसमोर बोलणं. बाकी वेळात विवाहाचे आणि वारसाचे कायदे, वक्फची नोंद, या दोन जिल्ह्यांचा इतिहास, तंटा मिटवण्याची रीत. एखादे ज्येष्ठ आलिम फिक्हचा वर्ग घेतील, कारण हाफिजाला आलिमपणाची चव लागली पाहिजे. मराठीचे प्राध्यापक, वकील, निवृत्त फौजदार आपल्यातच आहेत, आणि ते सगळे मुसलमानच असावेत असं नाही. याशिवाय दर वर्षी इथल्याच चार-पाच मुलांना आलिमचा पूर्ण अभ्यास करण्यासाठी शिष्यवृत्ती, परत येऊन पाच वर्षं इथं काम करण्याच्या बोलीवर.

पैशाचं बोललं नाही तर बाकी सगळं वाऱ्यावर जाईल. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयानं वक्फ मंडळाच्या अखत्यारीतल्या मशिदींच्या इमामांना वेतन मिळालं पाहिजे असा निकाल दिला. त्याला तीस वर्षं उलटून गेली. आमच्या लहान मशिदींना त्याचा कितपत उपयोग झाला हे तुम्हीच तुमच्या गावच्या इमामाला विचारा. मिनारावर रोषणाईसाठी आम्ही वर्गणी काढतो. फरशी बदलतो, वातानुकूलन बसवतो. इमामाचा पगार वाढवायचं निघालं की बैठक पुढच्या जुम्म्यावर जाते. ज्याला आपण पोटापुरतं देत नाही त्याच्याकडून पोरांना धीट बनवण्याची अपेक्षा करू नये. डब्याची बारी बंद करून त्याला घर द्यावं, बायकामुलं आणता येतील असं. एकटा, परका, पोटार्थी तरुण गावात रुजत नाही. ज्याची मुलगी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते तो वर्षभरात रुजतो.

आणि इमाम नेमणाऱ्या समितीत बायका असल्या पाहिजेत. निकाह, तलाक, मेहर, वारसा या चार गोष्टींत त्याच्या अज्ञानाची झळ पहिल्यांदा त्यांना लागते. मुलींच्या मदरशांतून आलिमा होऊन आलेल्या मुली आता आपल्याकडे आहेत. त्यांचा उपयोग घरगुती वर्गांपलीकडे आपण करून घेत नाही. या अभ्यासात त्यांनी शिकवावं.

मिरज, कराड आणि सातारा अशा तीन ठिकाणी बैठका घ्याव्यात असं काही मित्रांशी बोलणं झालं आहे. शव्वालमध्ये पहिली तुकडी बसवायची तर शाबानच्या आत पहिल्या वर्षाचा खर्च जमलेला हवा, आणि तो घरटी छोट्या रकमांतून जमावा, एका दात्याकडून नको. कोणत्या जमाती आपल्या इमामाला आठवड्यातून दोन दिवस मोकळं करायला तयार आहेत, त्यांनी आज जाण्याआधी नावं द्यावीत. मराठीचा वर्ग मी घेईन.